बायको फिरतीवर असते

"नॉरिस रुसलाय का आमच्यावर?" गसने चित्राचा एक तुकडा बोटांत फिरवत विचारलं. "नाताळ झाल्यापासून मैदानावर फिरकलाच नाही."

आर्डिथचा हात टेबलावर तसाच थांबला. हॉलमधल्या या लांब टेबलावर हिवाळाभर कुठलं ना कुठलं हजार तुकड्यांचं चित्र पसरलेलं असायचं. येणारा-जाणारा त्यात दोन-चार तुकडे जुळवून जायचा. सध्या बर्फातली पवनचक्की चालू होती आणि आभाळ काही केल्या जुळत नव्हतं.

"पाठ धरलीये जरा त्याची," आर्डिथ म्हणाली.

खोटं बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून गेलं. कारण कालच संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, नॉरिसने, सायकल त्यांच्या मोटारघराला टेकवली होती, आत येऊन हात धुता धुता तो म्हणाला होता, "आज गसला हरवलं. चिडला म्हातारा."

"पाठ शेकायला सांग," गस म्हणाला. "आणि म्हणावं, नाल गंजायला लागलेत तुझे."

खुंटीवर घोड्याचे नाल फेकायचा खेळ नॉरिसचा आवडता. खरं तर तो एकच खेळ त्याला आवडायचा. तोही तो खेळत नसेल, तर जेवण झाल्यावर टोपी घालून, सायकलवर टांग टाकून हा माणूस रोज जातो कुठे? आर्डिथने हातातला निळा तुकडा भलत्याच जागी दाबून बसवायचा प्रयत्न केला. शेवटी गसने तो हळूच काढून घेतला.

आर्डिथ क्वाले मिनेसोटातल्या एका खेड्यात शाळेची बस चालवायची. सकाळी त्याच रस्त्याने जायचं, दुपारी त्याच रस्त्याने यायचं. शेवटच्या मळ्यापाशी बस वळवताना पुढे सरळ गेलेला रस्ता दिसायचा. उभ्या आयुष्यात तिला त्या रस्त्याने पुढे जायला मिळालं नव्हतं. नॉरिस त्याच शाळेत देखभालीचं काम बघायचा. बॉयलर, नळ, खिडक्या, मैदान, सगळं त्याच्याकडे. दोघं निवृत्त झाले तशी आर्डिथ म्हणाली, घर विकू या आणि राहता-फिरता येईल असं मोटारघर घेऊ. तो म्हणाला, "ठीक आहे." घर विकलं गेलं. उरलेलं सामान लेकाच्या तळघरात गेलं आणि आर्डिथने त्या अवजड गाडीचं चाक असं हातात घेतलं की जणू तिच्यासाठीच ते बनवलं होतं. गाडी तीच चालवायची. नॉरिस शेजारच्या सीटवर बसून नकाशा बघायचा.

उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि थंडी पडली की अॅरिझोनातल्या या मोटारघरांच्या तळावर, असं त्यांचं चाललं होतं. तळावर शेकडो गाड्या, सगळे त्यांच्याच वयाचे आणि कुणालाच कशाची घाई नाही. हॉलच्या दारावर आठवड्याची पाटी लागायची. सकाळी तलावात पाण्यातला व्यायाम, मग मणी ओवणं, दुपारी पत्ते, शनिवारी डोंगरात रंगीत दगड शोधायला जायचं, गुरुवारी रांगेतला नाच. चार वाजले की जो तो आपापली घडीची खुर्ची आणि आपापला पेला घेऊन कुणाच्या तरी गाडीपुढे जमायचा. आर्डिथ सगळ्यांत असायची. पत्त्यांत तिला जोडीला घ्यायला लोक टपलेले असत. आयुष्यभर घड्याळाला बांधलेली बाई ती. रिकाम्या वेळाचा एकही थेंब तिला सांडू द्यायचा नव्हता.

आणि नॉरिस? नॉरिस नाल फेकतो, त्याचं छान चाललंय, असं ती धरून चालली होती.

त्या दिवसापासून ती नवऱ्याकडे बघायला लागली. म्हणजे बघत ती आधीही होती, पण आता पारखून बघायला लागली. नखांत माती. नाल फेकून मातीचा धुरळा बसेल, पण ही ओली, काळसर माती होती. आपली पँट तो आता स्वतःच धुलाईघरात नेऊन धुवायचा. मध्येच एकदा ग्रेपफ्रूटची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "गसने दिली." गसची बायको बर्नाडीन ग्रेपफ्रूट विकत आणते हे आर्डिथला पक्कं ठाऊक होतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा शर्ट. धुवायला टाकायच्या टोपलीतून तिने तो उचलला आणि नाकाशी नेला. घामाच्या वासाखाली एक गोड, दाट, फुलांचा वास होता. तिच्याजवळच्या कुठल्याच बाटलीचा तो नव्हता.

त्या रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "आज कोण जिंकलं?"

"गस."

"खांदा बरा झाला का त्याचा?"

गसच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. नॉरिसने बटाट्याचा घास सावकाश गिळला.

"बरा आहे की. मस्त फेकतोय."

आर्डिथ उठून भांडी विसळायला लागली. गाडीतलं स्वयंपाकघर एवढंसं, त्यामुळे त्याच्याकडे पाठ केली तरी तो हातभर अंतरावरच होता. एवढ्याशा डब्यात राहायचं, एकमेकांचे श्वास मोजायचे आणि तरी हा माणूस एक अख्खी दुपार कुठेतरी लपवून ठेवतो. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागापेक्षाही जास्त लाज वाटली. तळावर किती जणांना हे आधीपासून माहीत असेल?

बर्नाडीनला माहीत नव्हतं, पण तिला संशयाचा वास लगेच लागायचा. दुसऱ्या दिवशी मणी ओवताना ती आर्डिथच्या कानाशी लागली.

"नॉरिसची पाठ दुखतेय म्हणालीस. मग काल तो सायकलवरून गेला तो कोण गं?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, जरा हालचाल कर म्हणून."

"हालचाल," बर्नाडीन म्हणाली. दोऱ्यात तिने एक मणी घातला, दुसरा घातला. "ती थेडाही दुपारची तळावर नसते. मी काही म्हणत नाही. मी आपलं दिसलं ते सांगतेय."

थेडा ब्रॉकवे शेवटच्या रांगेत चंदेरी ट्रेलरमध्ये एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लाल बूट घालून ती गुरुवारी नाच शिकवायची आणि तिच्या त्या वर्गाला पुरुषही बरेच असायचे. आर्डिथला ती कधीच आवडली नव्हती. त्याचं कारण आता सापडल्यासारखं वाटलं.

गुरुवारी आर्डिथ तिच्या मागच्याच रांगेत उभी राहिली. उजवा पाय पुढे, टाच आपट, वळ. प्रत्येक वळणावर ती थेडाच्या जवळ जाऊन नाकाने वास ओढून घ्यायची. थेडाच्या अंगाला वास येत होता तो हाडं चोळायच्या मलमाचा. पण मलमाखाली दुसरा वास असू शकतो. वर्ग संपल्यावर थेडा टॉवेलने मान पुसत तिच्याकडेच आली.

"आर्डिथ, एक विचारू? नॉरिस माझ्यावर चिडलाय का?"

"का?"

"परवा डेंटिस्टकडे चालले होते. गावात, कालव्याच्या रस्त्याला दिसला. मी हात केला तर त्याने बघितलं आणि सायकल वळवून गल्लीत घातली. मी दोन दिवस विचार करतेय, माझ्याकडून काही वावगं बोललं गेलं का म्हणून."

तिच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती. पण संशय एकदा मनात शिरला की त्याला खरं आणि खोटं दोन्ही सारखंच पचतं. आर्डिथ मनात म्हणाली, ही बाई भारी हुशार आहे. आणि तोंडाने म्हणाली, "त्याला लांबचं नीट दिसत नाही हल्ली."

शुक्रवारी जेवण झालं. नॉरिसने टोपी घातली. "मैदानावर जातो."

"जा," ती म्हणाली.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली. मोटारघराच्या मागे बांधून न्यायची एक छोटी गाडी त्यांच्याकडे होती, ती तिने काढली. शाळेची बस चालवणाऱ्या बाईला सायकलवाल्याच्या मागून दमाने कसं जायचं हे सांगावं लागत नाही. तो मैदानाकडे वळला नाही. गावात शिरला आणि कालव्याच्या रस्त्याला लागला. त्याची पाठ सरळ होती, पाय झपाझप चालत होते. तळावर तो असा कधी चालायचा नाही. तिथे तो कुठे पोचायचं नसल्यासारखा रेंगाळायचा.

एका मातकट, बसक्या घराशी तो उतरला. खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि आत गेला.

आर्डिथने गाडी दोन घरं अलीकडे थांबवली. किल्ली. तिने काय काय कल्पना केली होती, पण त्यात किल्ली नव्हती. काच खाली केली तशी वाऱ्याबरोबर तोच वास आत आला, दाट आणि गोड. त्या घराच्या अंगणात ग्रेपफ्रूटची आणि संत्र्याची जुनी झाडं होती, पांढऱ्या फुलांनी डवरलेली. बुंध्यांना नुकताच चुना फासला होता. म्हणजे वास झाडांचा होता तर. पण झाडं काही कुणाला घराची किल्ली देत नाहीत.

बराच वेळ ती चाकावर हात ठेवून बसून राहिली. मग उतरली आणि तडक जाऊन दार वाजवलं.

"उघडंच आहे गं," आतून आवाज आला.

खिडकीपाशी खुर्चीत एक म्हातारी बसली होती. अंगाने चिमणीएवढी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, पुढ्यात धरून चालायची घोडी. घरात बीन्स शिजत असल्याचा वास होता.

"मी..." आर्डिथने भराभर घर डोळ्यांखाली घातलं. दुसरं कुणी दिसेना. "रस्ता चुकले मी. पाणी मिळेल का?"

"तिथे नळ आहे, पेला वर. माझ्याच्याने उठवत नाही, राग मानू नकोस पोरी." म्हातारीने तिला पोरी म्हटलं आणि आर्डिथला उगाच गलबलून आलं. "पाणी पी आणि मागच्या अंगणात जा. आमचा माणूस आहे तिथे, रस्ता सांगेल तुला."

"तुमचा माणूस?"

"नॉरिस. रोज दुपारी येतो. नोकर नाही हां, पैशांचं नाव काढलं तर रागावतो. थंडीत इथून चालला होता, झाडं वाळलेली बघितली आणि दार वाजवलं. म्हणाला, बाई, पाणी सोडू का? माझा नवरा गेल्यापासून पाटाची फळी कुणी उचललीच नव्हती." ती हसली. "आता सगळं घर त्यानेच नीट केलंय. खिडक्यांच्या जाळ्या, तो नळ, तू पाणी घेतलंस ना, तोही. काम झालं की मागच्या पायरीवर बसतो. नुसता बसतो. मग जातो."

"घरी कुणी नाही का त्याच्या?"

"बायको आहे की."

आर्डिथने पेला खाली ठेवला.

"पण ती फिरतीवर असते, म्हणाला," म्हातारी म्हणाली.

"कुठे?"

"सगळीकडे."

मागच्या अंगणात नॉरिस फावड्याने आळ्याची कड बांधत होता. पाणी झाडाभोवती सावकाश चढत होतं. रबरी बूट गुडघ्यापर्यंत माखले होते. त्याने वर पाहिलं, तिला पाहिलं, आणि दचकला नाही.

"गाडी कुठे लावलीस?" त्याने विचारलं.

"रस्त्याला."

"उन्हात?"

"नॉरिस, तू गसला हरवलं म्हणालास."

"हो."

"त्याचा खांदा बरा आहे म्हणालास."

"काय झालं होतं खांद्याला?"

"काही नाही."

त्याच्या लक्षात आलं. फावडं त्याने झाडाला टेकवलं.

"मला वाटलं बाई आहे," ती म्हणाली.

"आहे ना. श्रीमती इबारा. अठ्ठ्याऐंशीची आहे." तो हसायला गेला, पण ती हसली नाही.

"काम करायचं होतं तर मला सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात. शेजाऱ्याचा पाण्याचा पंप उघडून बसलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, लोक तुला तळाचा गडी समजतील. इथे आपण मजा करायला आलोय. मी म्हटलं, बरं."

आर्डिथला आठवलं. ती सहज म्हणाली होती, हसत. त्याच संध्याकाळी तिने त्याला नालांचा संच आणून दिला होता.

"मजा नाही आली तुला?"

नॉरिसला बोलायला वेळ लागायचा. पाणी आळ्यात भरत आलं, त्याने वाकून फळी सरकवली, पुढच्या झाडाकडे पाणी वळवलं आणि मगच तो बोलला.

"सुंदर जागा बघितल्या आपण. खोटं नाही बोलत. पण आर्डी, मी एखादी गोष्ट नीट करतो आणि आपण निघतो. इथे झाडाला पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी झाड तिथेच असतं."

"घर विकताना तू ठीक आहे म्हणालास."

"म्हणालो."

"नव्हतं का ठीक?"

"तुला किती हवं होतं ते दिसत होतं गं. मला वाटलं, जमेल."

दुसरी बाई असती तर भांडता आलं असतं, बर्नाडीनपुढे रडता आलं असतं, लाल बुटांना शिव्या देता आल्या असत्या. नवरा एका घराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसतो, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

वाईट हे की खरं कळल्यावर संशय गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली. आता तो मागे मागे जाऊ लागला. मोठमोठे धबधबे, समुद्रकाठचे तळ, ढगांतून उतरणारे रस्ते, या प्रत्येक ठिकाणी नॉरिस तिच्या शेजारी उभा राहून "छान आहे" म्हणाला होता. त्यातलं खरं किती होतं? जुने फोटो काढून ती त्याचा चेहरा निरखायची. प्रत्येक फोटोत तो नीट हसला होता. काही समजत नव्हतं.

आठवड्याने त्याने स्वतःच विषय काढला. उन्हाळ्यात म्हातारीला एकटं ठेवायला तिच्या मुलीचं मन घेत नव्हतं, आणि घर सोडायला म्हातारी तयार नव्हती. मागची खोली रिकामी होती.

"मला विचारतोयस की सांगतोयस?" आर्डिथने विचारलं.

"विचारतोय," तो म्हणाला. "दोघांनी राहायचं का, तेही विचारतोय."

तिने मनापासून करून बघितलं. तीन-चार दुपारी ती त्याच्याबरोबर गेली. श्रीमती इबारांशी पत्ते खेळली, पत्त्यात लबाडी करताना त्यांना पकडलं आणि दोघी पोट धरून हसल्या. पायरीवर नॉरिसशेजारी बसली. समोर भिंत होती, भिंतीपलीकडे दुसऱ्याचं अंगण, आणि ते उद्याही तिथेच असणार होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते तिने कुठल्याच फोटोत पाहिलं नव्हतं. तिच्या पायांना मात्र मुंग्या यायला लागल्या. तिला शेवटच्या मळ्यापाशी वळणारी बस आठवत होती.

"तू राहा," एका संध्याकाळी ती म्हणाली. "मी वर, उत्तरेकडे जाऊन येते. पानगळ झाली की येतेच इकडे."

"एकटी?"

"आजवर चालवत कोण होतं?"

नॉरिसने तिच्याकडे रोखून पाहिलं. "खरंच चालेल तुला?"

"ठीक आहे," आर्डिथ म्हणाली.

तो शब्द ऐकून तो थबकला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्याकडे असा बघत होता, की हिच्या मनात खरं काय आहे ते आपल्याला कळत नाही. तिने नजर वळवली नाही. शेवटी त्यानेच खाली पाहिलं.

तळावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. बर्नाडीन गाडीपाशी आली, घडीची खुर्ची न उघडता तशीच हातात धरून उभी राहिली.

"कोण आहे ती, तेवढं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"श्रीमती इबारा. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. घोडी धरून चालते."

बर्नाडीनने तिचा हात हातात घेऊन दाबला. "नसेल सांगायचं तर नको सांगू गं. मी समजू शकते."

एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं आणि रोज पाच-सहा गाड्या फाटकाबाहेर पडू लागल्या. आर्डिथच्या निघण्याच्या सकाळी नॉरिस उजाडताच सायकलवर आला. पाण्याचा पाइप काढून गुंडाळला, विजेची तार काढली, छत आवरलं, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढले. टायरची हवा बघितली. तिने सगळं आधीच बघून ठेवलं होतं, पण तिने त्याला बघू दिलं. सीटवर बसली. शेजारच्या सीटवर तिने आपली पर्स ठेवली होती. ती उचलून खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली.

तो मागे जाऊन उभा राहिला. "डावा," त्याने हाक दिली. तिने दिवा लावला. "उजवा. ब्रेक."

मग तो तिच्या खिडकीपाशी आला.

"ब्रेकचा उजवा दिवा मंद आहे. पुढच्या गावात बदलून घे."

"घेईन."

"विसरशील."

"नाही विसरणार."

त्याने दारावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि बाजूला झाला. गाडी खडीवरून हलकेच निघाली. आरशात तो दिसत होता. गाडी उभी होती ती जागा आता चौकोनी, रिकामी आणि आजूबाजूच्या खडीहून गडद दिसत होती. त्यात उभा राहून तो वाकून ठोकळे गोळा करत होता, एकावर एक नीट रचत होता.

फाटकापाशी तिने ब्रेकवर पाय ठेवला. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकही गाडी नव्हती. तिने पाय तसाच दाबून धरला. मागे नॉरिसने मान वर केली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. तो दिवा अजूनही मंदच होता.